तिसरा हात

शेवटची भेट सोमवारी, सकाळी पावणेअकराला. हजर तिघे : दाजी मेस्त्री, त्यांची बायको म्हणजे आमच्या शेजारच्या काकी, आणि मी. दाजी अकरा दिवसांनी दवाखान्यातून घरी आले आणि थेट पडवीतल्या फळीपाशी गेले. त्यानंतर आठव्या दिवशी ते वारले. त्यालाही आता पाच आठवडे झाले...

मालवणात दाजींनी एकोणीस होड्या बांधल्या. गुडघे गेल्यावर त्याच होड्या फुटाला अर्धा इंच या मापाने लाकडात करून रंगवू लागले. मापे मी तपासायचो. ते म्हणायचे, "तू फुटपट्टी घेवनच जल्माक इलंस रे." रंग वाळला की वार्निशचे तीन हात. तिसरा हात वाळला की होडी दुसऱ्या दिवशी घराबाहेर, ज्याची त्याला. पुरी झालेली होडी घरात ठेवायची नाही, हा त्यांचा नियम. खरी होडी तरी कोण पडवीत ठेवतो?

फक्त एक चौदा इंची होडी चार वर्षे फळीवर होती. मूळची अठ्ठावीस फुटी, त्यांच्या मुलाची, मोहनची. ती बुडाली तेव्हा मोहन तिच्यातच होता. तो सापडला नाही. हिला दोनच हात दिलेले. तिसऱ्याचे विचारले की दाजी म्हणायचे, "वारो बरो नाय." चार वर्षांत एकदाही बरा वारा सुटला नाही, हे हिशेबात बसत नव्हते. तरी मला उमगले नाही.

दाजी येणार म्हणून आदल्या दिवशी, रविवारी, तो तिसरा हात मी दिला. काकी दवाखान्यात, घराची किल्ली माझ्याकडे. वाटले, खूश होतील. नियम मला पाठ होता. तो या होडीलाही लागेल, हे ध्यानात आले नाही.

सोमवारी दाजींनी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, अंगठा टेकवला. दमट हवेत वार्निश अजून ओले होते, ठसा उमटला. ते रागावले नाहीत.

"आता ती घरात रवाची नाय," एवढेच बोलले. "तूच व्हर."

मी नेली... बाराव्यानंतर काकींना परत द्यायला गेलो, तर त्यांनी हात लावला नाही. "पुरी झाली मां ती," म्हणाल्या.

मग तीन दिवस बसून पॉलिश पेपरने मी तो तिसरा हात उतरवला, नाळेवरची अंगठ्याएवढी जागा सोडून. तिथे तीन हात, बाकी सगळीकडे दोन. तशी होडी काकींच्या हाती दिली. त्यांनी ती वळवून वळवून पाहिली, ठशावर बोट ठेवले आणि फळीवर जुन्या जागी ठेवली.

"रवांदे," त्या म्हणाल्या. "अजून पुरी जावक नाय."