ओल्या भिंतीकडची पेटी

तुमच्या घरातली सगळ्यात ओली भिंत कोणाच्या सामानाच्या वाट्याला आली आहे?

लगेच उत्तर देऊ नका. उठा, मागच्या खोलीत जा, भिंतीला हात लावा आणि तिला टेकवून ठेवलेलं सामान कोणाचं ते बघा. आमच्या घरी ते आईचं होतं.

सांगलीकडच्या आमच्या गावात कृष्णा घरापासून फार लांब नाही. पावसाळ्यात जमिनीतूनच ओल वर चढते आणि मागच्या खोलीची भिंत कमरेपर्यंत काळपट होते. पुढच्या खोलीची भिंत मात्र कोरडी. तिथं वडिलांचं लोखंडी कपाट, त्यात त्यांचा फौजेतला गणवेश, पदकं, पेन्शनची कागदपत्रं. मामा कामगार चळवळीतला. त्याची पत्रकंही त्याच कपाटावर असायची आणि शाळेच्या पुस्तकाआधी मी तीच वाचायला शिकले.

आईची जागा मागे. तिथं वडिलांची फौजेतली काळी पत्र्याची पेटी होती आणि त्या पेटीत बाळाचे कपडे. आम्हा दोघी बहिणींना जन्मल्यावर ज्यात गुंडाळलं ती दुपटी, झबली, आईनं शिवलेली कुंची आणि जुन्या लुगड्यांची मऊ वाकळ. आमच्याकडे नव्या जिवाच्या अंगाला आधी कोरं कापड लावत नाहीत. घरातलंच, धुऊन धुऊन मऊ झालेलं लागतं. दुकानात जाऊन ते मिळत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझी थोरली बहीण कोरेगावहून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. ती यायच्या आधी आईनं पेटी उघडली आणि खोलीभर कुबट वास पसरला.

आदल्या वर्षी ती पेटी वडिलांनी बांधून दिली होती. बदली झाली की रेल्वेनं पाठवायची पेटी बांधतात तशी. तळाला मामाची उरलेली पत्रकं अंथरलेली, वर कपडे, त्यावर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी खोचलेला, झाकणाच्या फटीला चिकटपट्टी. पण बांधली होती भर श्रावणात, कपडे हाताला गार लागत असताना. बाहेरची ओल आत जाऊ नये म्हणून त्यांनी आतलीच कोंडून ठेवली. पेटी थेट फरशीवर असल्यानं तळाला गंजही चढला होता.

"आवं, हिकडं या. बघा काय झालंय," आईनं हाक मारली.

वडील चष्मा पुसत आले. "हवा जाऊ नये म्हणून तर बांधली हुती."

"हवा न्हाई गेली. वासबी न्हाई गेला."

कापडांवर बुरशीचे काळे ठिपके होते. एका दुपट्याला पत्रकाची लाल शाई लागली होती. आईनं ते माझ्यासमोर धरलं. "ही तुझ्या मामाची क्रांती. आता पोराच्या अंगावर."

मला हसू आलं. तिला आलं नाही. तिनं कुंची उचलली तर ती बोटांतच विरली. मग मात्र ती भिंतीला टेकून खाली बसली. "लेक पहिल्यांदा बाळंतपणाला येतीय. पोराला गुंडाळू कशात?"

शेजारच्या चाचीच्या घरी गाद्या भरायचं काम चालतं. आईचा आवाज ऐकून ती आली, पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "रडतीस काय भाभी? आमच्या घरात कापूस ह्याच्यापेक्षा लय भिजतो. दे अर्धं माझ्याकडं."

दोघींनी सोडा घालून कपडे उकळले. ढग जरा फाकले की आम्ही पळत चाचीच्या गच्चीवर जायचो, भुरभुर सुरू झाली की पळत खाली. ऊन दिसेना तेव्हा शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर एकेक दुपटं शेकत बसायचं. वाकळ जाड, ती वाळता वाळेना. मी तिची उसवलेली शिवण धरून ठेवायचे आणि आई टाके घालायची. कुंची गेली ती गेलीच.

सगळं पुरतं कोरडं झालं, तेव्हा वाद झाला तो जागेवरून.

"पेटी म्होरच्या खोलीत जाईल," आई म्हणाली.

"तिथं कपाट हाय."

"फौजेत पेटी कुटं ठिवत हुता?"

"विटांवर. भिंतीपास्नं लांब."

"मग हितं का न्हाई?"

"तिथं सायबाची तपासणी असायची."

"बरं. आजपास्नं मी सायेब."

चाची पदर तोंडाला लावून हसली.  वडील थोड्या वेळानं परसातून विटा घेऊन आले आणि कपाट स्वतःच बाजूला सरकवलं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. अन्याय म्हटलं की मला मोर्चे, कारखान्याचं फाटक, तहसील कचेरी एवढंच दिसायचं. पुरुषाचे कागद जपायचे आणि बाईच्या हातचं शिवलेलं अडगळीत टाकायचं, ही वाटणी आमच्याच घरात झाली होती आणि तिच्याविरुद्ध घोषणा कुणी दिली नव्हती. जमिनीतून चढणारी ओल आम्हाला थांबवता आली नाही. पेटी कुठं ठेवायची हे मात्र आमच्या हातात होतं आणि ते एका दुपारी बदललं.

बहिणीला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा ती त्याच वाकळीत होती. वाकळीला शेगडीच्या धुराचा किंचित वास होता. लाल डागाचं दुपटं बहिणीनं मुद्दाम मागून घेतलं आणि पोरीच्या उशाला घातलं. वडील नातीला मांडीवर घेऊन वाकळीचे टाके बोटानं चाचपत बसले होते. "हे सगळं तू शिवलंस व्हय?" त्यांनी आईला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आता तुम्हाला एक काम सांगते. पाऊस उघडेल त्या पहिल्या कोरड्या दुपारी घरातल्या बाईची बंद पेटी तिच्या परवानगीनं उन्हात आणा. एकेक वस्तू बाहेर काढून ती कोणी केली ते तिला विचारा. सगळं खडखडीत वाळलं की मगच परत भरा. आणि हे काम तिच्या एकटीवर सोडू नका. घरातल्या पुरुषांनी पेटीची दुसरी कडी धरावी.