एक घर की दोन

झुगदिदीच्या चहा कारखान्यात पत्ती चाळणाऱ्या गुलिको शोनियाला गावातले बुद्धिबळवाले 'दगडी भिंत' म्हणायचे. काळी मोहरी घेऊन बसली की ती हरायची नाही, आणि जिंकायचीही नाही. समोरच्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की ही वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं एकच घर सरकवायची आणि गुपचूप भिंत बांधायला घ्यायची. या बचावाचं नाव कारो-कान. सव्वीस वर्षं तिनं दुसरं काही खेळून पाहिलं नव्हतं. नवरा वैतागून म्हणायचा, "तुझ्याशी भांडायचं तरी कसं, बाई? तू तिथंही बरोबरीच करतेस."

हा बचाव तिला निवडून दिला होता बातोनो वार्लाम यांनी. बातोनो म्हणजे आमच्याकडचं 'साहेब'. गावातल्या निम्म्या पोरांना बुद्धिबळ शिकवलेले मास्तर ते. १९५९च्या उन्हाळ्यात बारा वर्षांची गुलिको आणि अकरा वर्षांचा भाऊ गोचा त्यांच्या क्लबात गेली. दोघांनी चाचणीचा एकेक डाव खेळला, चाली स्वतःच्या हातानं कागदावर लिहिल्या. संध्याकाळी मास्तरांनी कागद वाचून निकाल दिला. पोरगी शांत, तिला कारो-कान. पोरगा तडफदार, त्याला सिसिलियन. म्हणजे पहिल्या चालीपासून अंगावर जायचं. गोचा त्या सिसिलियनपायी तीन वर्षं सपाटून हरला, चौदाव्या वर्षी त्यानं पट माळ्यावर टाकला, आणि हल्ली तो मधमाश्या पाळतो.

आता जून १९८५. रविवारी कुताईसी शहराच्या संघाशी स्पर्धेची शेवटची फेरी होती आणि गुलिकोला काळी मोहरी आली होती. जिंकली तर उमेदवार मास्टर हा किताब मिळणार होता. त्या किताबानं यापूर्वी तीनदा तिला अर्ध्या गुणानं हुलकावणी दिली होती. अडतिसाव्या वर्षी चौथी संधी आली, ती शेवटचीच. म्हणून गुरुवारी कामावरून सुटल्यावर ती थेट मास्तरांच्या घरी गेली.

"बातोनो वार्लाम, बरोबरी नको आहे मला. कारो-काननं जिंकता येईल का?"

"येईल न येईल, पण स्वभाव सोडून खेळलीस तर मरशील," मास्तर म्हणाले. "अगं, बचाव म्हणजे पायातला जोडा. दुसऱ्याचा घालून चालता येतं होय? थांब, तुझा पहिला डाव दाखवतो. बघ, तेव्हापासून कशी दगड आहेस ते."

म्हातारा कपाटात शिरला. त्यानं आयुष्यभर प्रत्येक पोराचा पहिला कागद जपला होता. दोन पाकिटं घेऊन तो बाहेर आला. एकावर गुलिको, दुसऱ्यावर गोचा.

गुलिकोनं आपल्या पाकिटातला कागद उलगडला. स्वच्छ, रेखीव अक्षर. तिनं चाली वाचल्या. प्यादं एक घर, उंट एक घर, राजा कोपऱ्यात. वरती फक्त 'ग. शोनिया'. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे अक्षर गोचाचं आहे."

"काहीतरीच काय!"

तिनं दुसरं पाकीट फाडल्यासारखं उघडलं. आतल्या कागदावर तपकिरी बोटांचे ठसे होते. बाराव्या चालीला घोडा मारायला दिलेला, सोळाव्याला हत्ती. तिला तो दिवस लख्ख आठवला. आईबरोबर मुरांब्यासाठी हिरवे अक्रोड सोलून ती धावत आली होती आणि हातांचे डाग पंधरा दिवस निघाले नव्हते. याही कागदावर 'ग. शोनिया'च होतं.

तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. आमच्या आडनावावरून बाई की बुवा हे कळत नाही, आणि आमच्या भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द. ध चा मा करायलासुद्धा कुणीतरी लेखणी उचलावी लागते. इथं ग चा गच राहिला आणि दोन जन्म इकडचे तिकडे झाले.

"बातोनो वार्लाम, हा माझा डाव आहे. हा."

म्हाताऱ्यानं चष्मा चढवला. ठसे पाहिले.

"एक तुफान डाव होता, एक शांत," तो म्हणाला. "मला वाटलं, तुफान पोराचंच असणार."

"आम्ही दोघं दारात उभी होतो. विचारलं का नाहीत?"

"त्यात विचारायचं काय, असं वाटलं गं."

गुलिकोला हुंदका आला नाही, राग आला. तिनं दोन्ही कागद घडी करून पिशवीत घातले. मास्तरांच्या बायकोनं घोमीचं, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीचं ताट आणून ठेवलं, ते तसंच सोडून ती निघाली. वाटेत गोचाच्या दारी थांबून तिनं त्याला दोन्ही कागद दाखवले. तो मधमाश्यांना धूर देत होता; धुराचं भांडं खाली ठेवून त्यानं ते दोनदा वाचले.

"म्हणजे मी ढ नव्हतो?" एवढंच म्हणाला. सव्वीस वर्षांनी विचारत होता बिचारा.

रविवारी कुताईसीच्या दोदो नावाच्या तरण्या पोरीनं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं आणि घड्याळाची कळ दाबली. गुलिकोचा हात सवयीनं उंटापुढच्या प्याद्याकडे गेला. सिसिलियनचं प्यादंही तेच. फरक एका घराचा. समोरच्या खुर्च्यांत मास्तर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. गुलिकोनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. तिनं ते प्यादं दोन घरं पुढं टाकलं.

"भिंत पडली!" मागून कुणीतरी कुजबुजलं.

तयारी नव्हती, पाठांतर नव्हतं. विसाव्या चालीपर्यंत ती दोनदा मरता मरता वाचली. एकविसाव्या चालीला तिनं घोडा दिला. दोदोनं तो घेतला, आणि तिसाव्या चालीला आपला राजा आडवा करून हार मानली.

टाळ्या सुरू झाल्या. पंचानं सहीसाठी तिचा चालींचा कागद पुढं सरकवला. वरती गुलिकोनंच सकाळी सवयीनं लिहिलं होतं, 'ग. शोनिया'. तिनं ते खोडलं, इतकं की कागद फाटला. मग शेजारी सबंध नाव लिहिलं, 'गुलिको', आणि कागद पंचाला न देता आधी मास्तरांकडे नेला.

"वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं."