मावशीची सीट

आमचे मावसाजी जन्मात कधी बसलेच नाहीत. जेवायला तरी बसत असतील, असं कुणी म्हणेल. बसत, पण एक गुडघा उभा ठेवून, बाहेरून कुणी हाक मारली तर एका झेपेत उठता यावं अशा बेतानं. वरणात मीठ कमी आहे हे सांगायला स्वतःच स्वयंपाकघरात जात आणि तिथून परसात, परसातून गोठ्यात, असे करत करत ताटाशी परत येईपर्यंत वरण गार होई. न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली असताना रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाशी बोलायला गेलेले आणि तसेच त्याच्याबरोबर स्टेशनपर्यंत पोचलेले मावसाजी पांढुर्ण्यातल्या पुष्कळ लोकांनी पाहिले आहेत. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. गादीवर त्यांचे वडील बसत, त्यांना सारं गाव बाबूजी म्हणे. मावसाजी मात्र कापड मोजत ते चालत चालत. गिऱ्हाईक बाईनं काही मागितलं, की ठाण उलगडत उलगडत ते थेट रस्त्यावर जात आणि समोरच्या पानठेल्यावर संत्र्याच्या भावाची चौकशी करत उभे राहत. बाई बिचारी कापडाचं दुसरं टोक धरून दुकानात ताटकळत राही.

दर शनिवारी ते जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जात. तिथला मारुती निजलेला आहे. अंगाखालची जमीन तापली तरी कूस न बदलणाऱ्या त्या देवाचं आणि एका जागी पळभर न ठरणाऱ्या या भक्ताचं इतकं कसं पटतं, याचं मला कोडं होतं. एकदा मी विचारलंही. म्हणाले, "अरे, थो माह्या वाट्याचं निजून राहिला."

मी तेव्हा सौंसरच्या शाळेत मास्तर होतो. मावशी माझ्या आईची धाकटी बहीण, त्यामुळे रविवारचं जेवण पांढुर्ण्याला ठरलेलं. स्वभावानं मी बसणारा माणूस. खुर्ची दिसली की माझे गुडघे आपोआप दुमडतात, आणि कदाचित म्हणूनच मावसाजींचा माझ्यावर जीव होता. एका रविवारी सकाळी मी निघण्याआधी तेच माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. "चाल मास्तर, नागपूरले जाचं हाये. मोटार घ्याची हाये."

तो ऐंशीच्या दशकातला काळ. स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत, आणि घरावर टी. व्ही.चा अँटेना असला की पोरीला चांगलं स्थळ मिळे. अशात मोटार. पण मावसाजींशी वाद घालायचा तर त्यांच्या मागे पळावं लागे, आणि ते मला जमण्यासारखं नव्हतं. मी मुकाट्यानं बसमध्ये चढलो. ते प्रत्येक थांब्यावर उतरत होते.

कापडाच्या एका दलालानं त्यांना पत्ता दिला होता. नागपुरात झाडांनी भरलेल्या एका शांत रस्त्यावर जुना बंगला, त्यात एक निवृत्त इंजिनियर आणि त्यांची बायको. दोघं मुलाकडे पुण्याला कायमचे चालले होते. पोर्चमध्ये गाडी उभी होती. गर्द हिरवी, लांब नाकाची, जमिनीला टेकायला आलेली विलायती गाडी, वरचं कापडी छप्पर मागे घडी घालून ठेवलेलं. पुढे दोन सीटा. मागची सीट पाहायला गेलो तर तिथं गाडी संपलेली होती.

मावसाजींनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. छपराचं कापड तेवढं चिमटीत धरून चोळलं आणि म्हणाले, "पोत चांगला हाये." मग डावीकडचं दार उघडून स्टेअरिंगच्या शेजारच्या सीटवर जाऊन टेकले, पाय लांब केले, आखडले, पुन्हा लांब केले. इंजिनियरसाहेब म्हणाले, "चालवायची बाजू इकडे आहे."

"थे मले मालूम हाये," मावसाजी म्हणाले. "इथं तिचे पाय बराबर पुरतात का, थे पाहून राहिलो."

साहेबांनी विचारलं, घरात माणसं किती. मावसाजी म्हणाले, असतील वीस-बावीस, पाहुणे धरून. साहेब जरा घुटमळले. विकणारा माणूस असूनही सज्जन होते. "अहो, मग ही गाडी तुमच्या काय कामाची? हिच्यात दोनच माणसं बसतात."

"म्हणूनच तं पाह्यजे," मावसाजी म्हणाले.

साहेबांच्या बायकोनं हे दारातून ऐकलं. ती आत गेली आणि बाहेर आली ती हातात एक निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा रुमाल घेऊन. "वाऱ्यानं पदर डोक्यावर राहत नाही," ती म्हणाली. "घरच्या बाईंना सांगा, हा हनुवटीखाली गाठ मारून बांधायचा. मी बांधत असे." गाडीचा भाव एका बैलजोडीच्या आसपास ठरला. ती इतकी जुनी होती आणि तिचे सुटे भाग मिळणं इतकं दुरापास्त होतं, की शहाण्या माणसानं ती फुकटही घेतली नसती. पण रुमाल हातात आल्यावर मावसाजींनी घासाघीसच केली नाही, आणि ते कापडाचे व्यापारी होते.

परतताना मी त्या डाव्या सीटवर बसायला गेलो, तर त्यांनी आधी तिच्यावर पेपर अंथरला. "हळू बस मास्तर. थे तुह्या मावशीची जागा होय." सावनेरला आम्ही चहाला थांबलो. त्यांनी गाडीभोवती फेऱ्या मारत चहा घेतला आणि चौथ्या की पाचव्या फेरीला, माझ्याकडे न पाहता, मनातलं बोलून टाकलं. "लगन झाल्यापासून तुह्या मावशीसंगं कुठी दोघंच दोघं गेलो नाई, पाह्य. बैलबंडीत बसलो तं मधात आमची आत्या. बशीत बसलो तं मधात पोट्टे. अन् कोनी नसलं तं पेरूची टोपली. रामाकोन्याले तिच्या माहेरी घेऊन जातो आता तिले, अशी बाजूले बसवून. दोनच सीटा हायेत. तिसरा बसन कुठी?"

त्यांचा हिशेब बिनचूक होता. फक्त तो आमच्या मुलखात करायचा नव्हता. आमच्याकडे वाहनात किती माणसं मावतात हे सीटा मोजून ठरत नाही, दारात किती उभी आहेत यावरून ठरतं.

गाडी घरासमोर थांबली तेव्हा सारी आळी गोळा झाली. बाबूजी काठी टेकत बाहेर आले, पुढून पाहिलं, मागे गेले, काठीनं डिकी ठोकून पाहिली. "चांगली हाये," ते म्हणाले. "अन् उरलेली अर्धी कधी येऊन राहिली?"

नवं वाहन घेतलं की पहिल्यांदा जामसांवलीला न्यायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. सकाळी मावसाजी इस्तरीचा सदरा घालून स्टेअरिंगशी तयार, शेजारच्या सीटवर तो रुमाल नीट घडी करून ठेवलेला. मावशी पूजेचं ताट घेऊन आली, आणि ताट सीटवर ठेवून मागे वळून म्हणाली, "आत्याबाई, बसा तुमी." या आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. सासूबाई बसल्या. त्यांच्या मांडीवर नातू बसला. त्याच्या बहिणीनं भोकाड पसरलं म्हणून तिला गियरच्या दांड्याजवळ उभं केलं. दोन नणंदा छपराच्या घडीवर मागे तोंड करून बसल्या, त्यांतल्या एकीकडे नारळाची पिशवी. घरजावई बॉनेटवर बसणार होते, पण मावसाजींना समोरचं दिसेना म्हणून त्यांना उतरवलं, तर ते रुसले. "तुमी व्हा पुढं," मावशी म्हणाली, "मी येतो मांगून जीपनं." निजलेल्या मारुतीसमोर मावसाजी त्या दिवशी प्रदक्षिणा न घालता नुसतेच उभे होते, असं मावशीनं मला नंतर सांगितलं. तिला काळजी वाटली होती.

मावशीचं वागणं समजायला तिचं घर समजायला हवं. ती त्या घरात थोरली सून म्हणून आली आणि आल्या दिवसापासून उठतच राहिली. कुणी आलं की पाट सोडायचा, खाट सोडायची, बसमधली जागा सोडायची. मावसाजी बसत नव्हते आणि ती बसू शकत नव्हती, एवढाच दोघांत फरक. तिला गाडीत बसायचं नव्हतं असं मुळीच नाही. रुमाल तिनं ट्रंकेत ठेवला होता, आणि एकदा दुपारी आरशासमोर बांधून पाहताना धाकट्या जावेनं तिला पकडलंही होतं. पण सीट समोर आली, की तिला हमखास आपल्यापेक्षा जास्त गरजू कुणीतरी दिसे. कधी सासऱ्यांचा गुडघा, कधी गावाला जायला निघालेली शेजारीण. मावसाजी चिडत, पण चिडायला ते तिच्यासमोर थांबत कुठं होते? चिडेपर्यंत ते गोठ्यात पोचलेले असत.

तशात गावाला गाडीचा खरा उपयोग सापडला. उघडी गाडी म्हणजे वरात. नवरदेव छपराच्या घडीवर उंच बसतो, पाय सीटवर ठेवतो, शेरवानीसकट चारी बाजूंनी दिसतो आणि परतताना नवरीही तिथंच शेजारी मावते. लग्नासाठी मागितलेलं वाहन नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. त्या दोन हंगामांत पांढुर्णा, सौंसर, बोरगाव, कुठकुठची जोडपी त्या गाडीत शेजारी शेजारी बसून मिरवली. पुढे बँड, बँडपुढे नाचणारे मेहुणे, आणि मागे गोगलगाईच्या चालीनं गाडी हाकणारे मावसाजी. जो माणूस देवाभोवतीसुद्धा धावत फिरे, त्याला मेहुण्यांच्या नाचाच्या चालीनं गाडी चालवावी लागत होती. क्लचवर पाय ठेवून ठेवून त्यांची पोटरी सुजली. मी म्हटलं, सरळ नाही म्हणून टाका. म्हणाले, "कसं म्हणू बे? थो पोट्टा पयल्यांदा बसून राहिला बायकोजवळ."

मावशीच्या भावानं, म्हणजे माझ्या मामानं, रामाकोन्याला नवं घर बांधलं, त्याची वास्तू होती. या वेळी मावसाजींनी कसलाच धोका पत्करला नाही. घरच्यांना आदल्या दिवशीच बसनं रवाना केलं. बाबूजींना कुरकुरत पाठवलं. मला रविवारीच बजावलं, की तू सौंसरहून परस्पर जा, इकडे फिरकूसुद्धा नको. पण रविवारी विसरलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यासाठी मला पांढुर्ण्याला यावंच लागलं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. मावशी बाहेर आली. हिरवं लुगडं, डोक्याला तो निळा रुमाल, हनुवटीखाली गाठ. लाजून लाल झाली होती. मावसाजींनी स्वतः दार उघडून धरलं. तिनं एक पाय आत ठेवला.

तेवढ्यात मागच्या गल्लीतला शिंपी धावत आला. त्याच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेवासाठी ठरवलेली जीप चिचोलीजवळ बंद पडली होती, पाहुणे वेशीवर खोळंबले होते आणि नवरदेव पायी यायला तयार नव्हता. शिंप्यानं हे धापा टाकत सांगितलं, पण गाडी मागितली नाही. मावशीकडेच बघत राहिला.

मावशीनं पाय बाहेर काढला. रुमालाची गाठ सोडली. "जा," ती म्हणाली. "पोरीचं लगन हाये."

मावसाजींनी उघडं दार लावलं. गाडी घेऊन गेले. त्या वरातीत मेहुणे जरा जास्तच नाचले आणि भर बाजारात क्लच जळाला. नवरदेवाला मांडवापर्यंत लोकांनी गाडी ढकलत नेलं. दुपारी मावशी आणि मावसाजी बसनं रामाकोन्याला निघाले, मीही होतो. ती पुढे बायकांत, हे मागे टपाजवळच्या शिडीपाशी लटकलेले, आणि मधात सारी बस. मला जागा मिळाली होती, पण तिच्यावर बसून मला बरं वाटत नव्हतं.

नागपूरच्या मिस्त्रीनं सांगून टाकलं, की या गाडीचा क्लच आता विलायतेतही मिळायचा नाही. बैल जुंपून ती गावाबाहेरच्या संत्र्याच्या बागेत नेऊन ठेवली. त्यानंतर मावसाजींची पायपीट पाहवत नसे. दुकानातून बाग, बागेतून स्टेशन, स्टेशनातून दुकान. कुठंतरी जायचं राहिलंय आणि कुठं ते आठवत नाही, असा चेहरा. मला त्यांची फार दया येई, आणि तसं बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण ते थांबत नव्हते.

पुढे माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तर घरी दोघंही नव्हते. बाबूजी म्हणाले, "बगीच्यात असन." मृगाच्या बहाराची झाडं लगडली होती. आतल्या रांगेत, झाडाखाली ती हिरवी गाडी उभी होती, चाकं मातीत रुतलेली. स्टेअरिंगशी मावसाजी बसले होते. शेजारी मावशी, डोक्याला निळा रुमाल, मांडीवर सुपात तुरीच्या शेंगा. ती सोलत होती आणि रामाकोन्याच्या कुठल्याशा जुन्या भांडणाची गोष्ट सांगत होती. ते ऐकत होते. पाठ सीटला टेकलेली, दोन्ही पाय लांब केलेले, गुडघा हलत नव्हता. किती वेळ तसे होते कोण जाणे. मी झाडाआड थांबलो, पण माझ्यासारख्या जड माणसाला लपणं जमत नाही. पाचोळा वाजला.

मावसाजींनी मान वळवली आणि सवयीनं उठायला गेले. मावशीनं शेंगांच्याच हातानं त्यांचं मनगट धरून त्यांना खाली बसवलं. मग माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या जन्मात तिच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलं नव्हतं, आणि पुढेही कधी ऐकलं नाही.

"ये बाप्पा," ती म्हणाली. "पन आता जागा नाई. उभाच राय."

आज ती दोघं नाहीत, बागही दुसऱ्यांची झाली. पण त्या संध्याकाळी दिवस मावळेपर्यंत मी त्या झाडाला टेकून उभा होतो, आणि पाय दुखल्याचं मला आठवत नाही.