भरिताच्या पंगतीत गेममधला दादा

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे, नाहीतर मला जेवण जायचं नाही. मोबाईलने मघाशी एक जुना व्हिडिओ समोर आणला. फैजपूरला मामाच्या शेतातली भरीत पार्टी, आणि पंगतीत मामाच्या शेजारी मांडी घालून पिवळ्या जॅकेटवाला एक गेममधला माणूस बसलाय. तो माणूस म्हणजे माझा दादा.

आम्ही धुळ्याचे, देवपूरचे. लहानपणी घरात एकच मोबाईल होता, त्यावर मी आणि दादा आळीपाळीने गेम खेळायचो. पिवळ्या जॅकेटवाला त्याने बनवला होता. दादाला नोकरी लागली, तो बंगळुरूला गेला, आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच भरिताला येणार नव्हता. वाईट त्याचं नव्हतं वाटत. वाईट याचं वाटायचं की आम्ही जेवताना व्हिडिओ कॉल लावला की तो उचलायचाच नाही. एकदा मला म्हणाला, "तुम्ही बसा जेवायला. मला लांबून बघायला लावू नका."

मग मी म्हटलं, लांबून नको ना, ये मग पंगतीत. "गेममध्ये मागे सगळी भिंत हिरवी कर, तुझ्या माणसाला खाली बसव, जेवायची ॲक्शन दे आणि रेकॉर्ड करून पाठव. हिरवं मी उडवते, तुला शेतात बसवते."

"येडी आहेस तू," म्हणाला. पण पाठवलं.

शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटल्या, वांगी भाजून निघाली, मामाने ती हिरव्या मिरच्या-लसणासोबत ठेचली. मी मोबाईल एका ओंडक्याला टेकवून ठेवला, कारण कॅमेरा हलला की गेमचा माणूस जमिनीवरून घसरल्यासारखा दिसतो. पंगतीत दादाची नेहमीची जागा रिकामी सोडली. मामा तिथेच टेकायला गेला.

"मामा, तिथे दादा बसलाय."

"मग त्याला म्हण जरा सरक, मला धूर लागतोय."

तेवढ्यात आई आली आणि त्या रिकाम्या जागेपुढे केळीचं पान मांडून वाढायला लागली. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर मूठभर कांद्याची पात.

"आई, शूटिंग चालू आहे गं."

"असू दे. पोराला नुसतं बसवून ठेवणार का?"

मामाच्या घरी आल्यावर व्हिडिओ एडिटिंगचं ॲप घेऊन बसले. खाली शेताचा व्हिडिओ, वर दादाचा माणूस. हिरवा रंग उडवायचं बटण दाबलं आणि घाईघाईत आबांना दाखवायला नेलं. आबा म्हणजे माझे आजोबा, तेही आमच्यासोबत फैजपूरला आले होते. त्यांनी चष्मा वर केला.

"हाई काय शे? बठ्ठं भरीत कोठे गयं?"

मी बघितलं तर खरंच सगळं भरीत गायब. बटण मी फक्त दादाच्या क्लिपला नाही, सगळ्या व्हिडिओला लावलं होतं. आणि भरिताच्या पंगतीत हिरवं काय नसतं? केळीची पानं गायब, पात गायब, मागची अख्खी केळीची बाग गायब. सगळे हवेत हात घालून तोंड हलवतायत. मामी हसून हसून खाली बसली. मामा म्हणाला, "बरंय, भांडी घासायला नको."

ते नीट केलं. मग दादा काही बसेना. आमच्यावर संध्याकाळचा पिवळट उजेड, आणि तो भर दुपारच्या उन्हात असल्यासारखा चकचकीत. मी त्याला जरा काळपट केलं, थोडा पिवळा रंग चढवला, खाली धूसर सावली काढली. तरी आबा म्हणाले, "पोऱ्या तरंगी राहिना," म्हणजे पोरगा अजून तरंगतोच आहे.

मग सुचलं. आईने वाढलेलं पान तेवढं कापून घेतलं आणि दादाच्या पुढच्या लेयरवर ठेवलं. पानाची कड त्याच्या गुडघ्यावर आली आणि दादा बसला. खरंच बसला, शपथ. आईने व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला.

सकाळी दादाला पाठवला. त्याने बघितला, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. आम्ही शिळं भरीत-भाकरी घेऊन बसलो होतो, माझं लक्ष सगळं मोबाईलवर. आणि त्याचाच व्हिडिओ कॉल आला. आम्ही जेवताना. स्वतःहून.

"ते पान तू बनवलंस की खरं होतं?"

"खरं होतं. आईने वाढलं."

मग म्हणाला, "मग खाल्लं कोणी?"

मामा मागून ओरडला, "मी. तुझा माणूस नुसता तोंड हलवत होता भाऊ, पानातलं काहीच कमी होईना."

दादा हसला आणि मला म्हणाला, "ए, कॅमेरा फिरव ना. आईकडे धर. आत्ता ताटात काय आहे ते दाखव."

तो गेम आता दोघांच्याही मोबाईलवर नाही, पिवळ्या जॅकेटवाला फक्त या व्हिडिओत उरलाय. पण त्यानंतर दादाने जेवतानाचा एकही कॉल सोडला नाही, उलट आम्हीच म्हणतो, अरे घास तरी गिळू दे.

तुमच्याही घरी असं झालंय का, लांब गेलेल्या कुणासाठी पंगतीत जागा सोडली आणि कुणीतरी न सांगता तिथे पान वाढलं? सांगा ना, मी सगळ्यांचं वाचतेय.