मास्तरांचा तळहात

फर्निचरला पॉलिश करणाऱ्याला कुणी मास्तर म्हणत नाही, पण यांना म्हणत. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा एक नियम होता. टेबल असो की पाळणा, मास्तर डोळे मिटून त्यावर तळहात फिरवीत आणि "जाऊ दे" म्हणाले, तरच वस्तू बाहेर पडे. पहिल्या फटक्यात ते कधी म्हणत नसत. "परत घास," हेच घासणाऱ्याच्या नशिबी यायचं. माणूस मुलखाचा फटकळ.

मग त्यांना क्षय झाला. औषधं सुरू झाली, खोकला उतरला, अंगावर जरा मांस चढलं. इतर गोळ्यांबरोबर डॉक्टरीणबाईंनी एक बारीकशी गोळी दिली होती, जीवनसत्त्वाची, आणि ती चुकवू नका म्हणून बजावलंही होतं. मास्तरांनी ती आठवड्यातच बंद केली. ताकदीच्या गोळ्या आळशांनी घ्याव्यात असं त्यांचं ठाम मत होतं, आणि मास्तरांच्या मतापुढे कुणाचं काय चालणार?

तिसऱ्या महिन्यात तळपायांना मुंग्या यायला लागल्या. एकदा पायातली चप्पल रस्त्यात राहिली, ते सुनेने मागून हाक मारल्यावर कळलं. पुढे मुंग्या बोटांत आल्या. मास्तरांनी ब्र काढला नाही. "वय झालं" एवढं निदान त्यांनी स्वतःच करून टाकलं.

गंमत अशी, की याच काळात मास्तर एकदम मवाळ झाले. हात फिरवला की लगेच "जाऊ दे". आजारपणाने माणूस निवळला, असं शेजारी म्हणायला लागले. सून तेवढी गप्प होती. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे शेडमधलं काम तीच सासऱ्यांच्या शिव्या खात शिकली होती.

एका दुपारी चष्मा विसरला म्हणून मास्तर शेडमध्ये परतले. सकाळी त्यांनी पास केलेला पाळणा सून पॉलिश पेपरने घासत होती.

"मी जाऊ दे म्हटलंय त्याला," मास्तर गरजले. "तुला माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलं?"

"बाबा, दांड्याला कुसं आहेत. उद्या यात लेकरू निजणार आहे."

मास्तरांनी तिला बाजूला सारून दांड्यावरून हात फिरवला. काचेसारखा गुळगुळीत लागला. "कुठं आहेत कुसं?"

सुनेने त्यांचा हात धरला आणि उलटा करून दाखवला. अंगठ्याखाली लाकडाचं एक लांबलचक कूस आत शिरलं होतं. रक्त आलं होतं. मास्तर बघत राहिले. दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसे.

"किती दिवस घासतेस माझ्या मागून?"

"दोन महिने."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शेडला कुलूप घातलं असतंत."

खोटं नव्हतं. मास्तर स्टुलावर बसले. त्या माणसाचं सगळं शहाणपण त्या दोन तळहातांत होतं. सुनेला तर त्यांचा फटकळपणासुद्धा त्या क्षणी परवडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात त्यांनी सगळं कबूल केलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत.

"क्षयाचं औषध जंतू मारतं, पण नसांना लागणारं एक जीवनसत्त्वही कमी करतं," त्या म्हणाल्या. "ते भरून काढायलाच ती बारीक गोळी होती. आता जास्त घ्यावी लागेल. आणि क्षयाची एकही गोळी मनाने सोडायची नाही."

"हात परत येईल?"

"बहुतेक येईल, हळूहळू. पूर्ण येईल का, ते आज नाही सांगता येणार. तोवर हातपाय रोज डोळ्यांनी तपासायचे. लागलेलं तुम्हाला कळणार नाही."

संध्याकाळी पाळण्याचं गिऱ्हाईक आलं. बाळाचा आजोबाच होता, जुनी ओळख.

"मास्तर, तुमचा हात फिरलाय ना? मग मला बघायचीही गरज नाही."

सून खाली मान घालून उभी होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं, पाळणा आता खरोखरच गुळगुळीत होता. मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"माझ्या हाताला सध्या काही कळत नाही," ते म्हणाले. "हिच्या हाताला कळतं. हिला विचारा."