पाण्याखालून दोन ठोके, मग एक

आधी विरारजवळच्या नंदाखाल गावच्या ॲग्नेस टीचरांचं नाव घेतो, मग बाकीचं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील खाडीकाठी भातशेती करायचे. इंग्रजी आणि गणित मला टीचरांनी शिकवलं, शाळा सुटल्यावर, त्यांच्या केळीच्या वाडीत बसवून. आज मी बी.एस्सी. आहे, औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करतो. जे मोजता येतं तेच खरं, ही सवय तिथली. कोणी भुताखेताचं काढलं की मी चहा आणायला उठायचो. म्हणूनच हे लिहायला एक वर्ष गेलं...

टीचरांची शिकवणी बावखलात सुरू व्हायची. बावखल म्हणजे वाडी शिंपायला खणलेलं तळं. "बावखलाच्या गावात राहून पोहता येत नाही म्हणजे स्वतःचं नाव लिहिता येत नाही," असं त्या म्हणायच्या. पाणी इतकं हिरवं की आत डोळे उघडून काही दिसायचं नाही. आम्ही मधोमध बुडी मारायची. टीचर पायरीवर बसून पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायच्या. टक टक... थांबून... टक. त्या आवाजामागे आतल्या आत पोहत यायचं आणि पायरीला हात लावायचा. वर आलं की प्रश्न ठरलेला, "कुठून आला आवाज?" हात करून दाखवल्याशिवाय वही उघडायची नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी, भुईगावचा डेरिक आणि विरारचा स्वप्नील, असे तिघं स्वप्नीलच्या गाडीनं नेपाळला निघालो. त्रिशूली नदीवर कयाकिंग शिकायचं म्हणून. निघताना आई म्हणाली, "पान्याशी मस्ती नको रे."

"काकी, हा बावखलातला बेडूक आहे," डेरिक म्हणाला. "नदीच घाबरेल याला!"

चार दिवस गाडी चालवून सोनौलीला सीमा ओलांडली. पुढचे दोन दिवस संथ पाण्यात शिकण्यात गेले. कयाक म्हणजे एकट्याची निमुळती होडी. पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती रबरी पडदा घट्ट बसवतात. होडी उलटली की तो ओढून बाहेर पडायचं.

तिसऱ्या दिवशी, सकाळचे अकरा वाजले असतील, लख्ख ऊन होतं... पहिल्याच मोठ्या उतारावर मी उलटलो. पडदा ओढला, बाहेर पडलो. पण वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेना. नुसता पांढरा फेस. अंगात लाइफ जॅकेट असूनही भोवरा मला पुन्हा पुन्हा खाली दाबत होता. कानात नदीची घरघर. छाती फुटायला आली, आणि एका क्षणी हातपाय मारणं सोडून द्यावंसं वाटलं...

तेव्हा ऐकू आलं. टक टक... टक.

उजवीकडून. त्या गदारोळात, इतकं स्वच्छ! मी विचार केलाच नाही. दहा वर्षांचा असताना वळायचो तसा वळलो आणि पाय मारले. पुन्हा तेच, आता जवळून. हात खडकाला लागला, डोकं पाण्यावर आलं.

डेरिकनं मला ओढून काढलं. तो रडत होता आणि शिव्याही देत होता. "साल्या, हात कसला करत होतास? टाटा करत होतास आम्हाला?"

मी म्हणे हात लांब करून एकीकडे दाखवत होतो. मला त्याची काहीच आठवण नाही.

आमच्या नेपाळी गाइडना सगळे 'दाई' म्हणायचे, म्हणजे मोठा भाऊ. त्यांनी नदीकडे बोट केलं. मग म्हणाले, "बायीं तरफ वो बड़ा पत्थर देखा? पानी उसके नीचे से जाता है. आदमी गया तो निकलता नहीं. तू दाहिने कैसे मुड़ा?"

मी सांगितलं. दाई म्हणाले, नदीच्या तळाशी दगड गडगडतात, त्यांचा आवाज येतो.

"झालं! मिळालं एक्स्प्लनेशन," स्वप्नील म्हणाला.

मान्य. पण गडगडणारे दगड मोजून वाजतात? दोन, थांबून एक, आणि पुन्हा तसंच? दुपारी मी दाईंना घेऊन काठावर गेलो आणि त्याच जागी डोकं पाण्यात घालून कितीतरी वेळा ऐकलं. घरघर होती. टक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कयाकमध्ये बसलो. भीती वाटली नाही... मला तर त्याचंच जास्त नवल वाटतं.

टीचर आता ऐंशीला टेकल्यात, मुलीकडे पापडी गावात असतात. त्यांचं बावखल कधीच बुजलं. चार वर्षांपासून त्यांना अजिबात ऐकू येत नाही, म्हणजे फोनचा प्रश्नच नाही. समोर जाऊन बसलो असतो तर मला नुसतं रडू आलं असतं. म्हणून पत्र पाठवलं. काय घडलं ते मला आजही सांगता येत नाही, पत्र तेवढं देतो.

आदरणीय टीचर,

नमस्कार. नेपाळला नदीत बुडता बुडता वाचलो. घाबरू नका, धडधाकट आहे. पाण्यात मला तुमचे ठोके ऐकू आले. कसे ते विचारू नका, तुमच्या विद्यार्थ्याला ते गणित सुटलेलं नाही.

आमच्या आळीतल्या बावखलात अजून पाणी आहे. येत्या रविवारपासून माझी भाची आणि तिच्या तीन मैत्रिणी तिथे पोहायला शिकणार आहेत. पायरीवर मी बसणार. दगड त्रिशूलीतून आणलेत, ठोके तुमचेच. पहिल्या रविवारी तुम्हाला न्यायला येतो. ऐकू आलं नाही तरी पायरीवर बसा, पाण्यात हात घाला. ठोके हाताला लागतात.

आणि एक राहिलं. त्या दिवशी मी वर आलो तेव्हा तुमचा प्रश्न विचारायला तिथे कोणी नव्हतं. म्हणून उत्तर आज देतो.

उजवीकडून, टीचर.