उसनं नाक

माझा धाकटा भाऊ घरी बिअर करतो. तापानंतर त्याला वास येईनासा झाला, तेव्हापासून त्याला माझं नाक लागतं. या खेपेला त्याला लहानपणीच्या संत्रागोळीची चव हवी होती. केळ्याचा वास देणारं यीस्ट आणि संत्र्याचा वास देणारी हॉप्सची सुकी फुलं त्याने नुसत्या आठवणीवर निवडली. दोन दिवस बरणी मुकीच होती, एक बुडबुडा नाही; यीस्ट मेलंय की काय, अशी त्याला धास्ती. "विरजणच ना ते? मग सारखं उघडून बघू नका," आई बजावत होती.

तिसऱ्या दिवशी त्याने झाकण काढलं. "कसला वास येतोय?" झाकण हातात धरून तो आशेने माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. ते बघून मी बोलून गेले, "संत्रागोळीचा! अगदी तोच!"

त्याने झाकण खाली ठेवलं. मग म्हणाला, "ताई, संत्रं हॉप्समधून येणार. ते पाकीट मी अजून फोडलेलंच नाही."

आंधळ्याला रस्ता सांगताना आपण खोटं बोलत नाही. इथे मात्र खोटं बोलणं मला माया वाटलं होतं.

मी पुन्हा वाकले, डोळे मिटले. "केळं. पिकून काळं पडलेलं केळं. बाकी काही नाही."

"म्हणजे यीस्ट जिवंत आहे," तो म्हणाला, आणि पाकीट फोडायला कात्री शोधू लागला.